चिरीमिरीविना पासिंग: खान्देशातील गाडीमालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पासिंगची, म्हणजे गाडीच्या योग्यता तपासणीची, तारीख जवळ आली की खान्देशातल्या गाडीमालकाच्या कानावर दोन वाक्ये हमखास पडतात. पहिले शेजाऱ्याचे असते, "गाडी पास व्हयनी का भाऊ?" आणि दुसरे चहाच्या टपरीवर भेटणाऱ्या एजंटचे, "गाडी घरीच राहू द्या, कागद संध्याकाळी घेऊन जा." या व्यवहाराचे सारे मर्म दुसऱ्या वाक्यात आहे. योग्यता प्रमाणपत्र शासन ठरलेल्या शुल्कात देतेच, त्यासाठी एजंटची गरज नसते; एजंट विकतो ती तपासणीतून सुटका. ज्याची गाडी धड आहे त्यालाही ही सुटका विकत घ्यायला लावायची असेल, तर त्याला आधी तोंडी नापास करावे लागते. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी एकाच उद्देशाने लिहिली आहे, आणि तो म्हणजे तोंडी नकाराला कागदावर आणणे.

४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर इतर वाहनांना धडकत थेट हॉटेलात शिरला आणि किमान १० माणसे जिवास मुकली. त्या कंटेनरच्या प्रमाणपत्राबद्दल मला काहीही सुचवायचे नाही. मात्र बिजासन घाट उतरून येणारी, कोंडाईबारीच्या वळणांवरून सुरतेकडे जाणारी किंवा रावेर-यावलहून केळी भरून उत्तरेकडे निघणारी गाडी ब्रेकची चाचणी न देताच पास झालेली असेल, तर तिचा धोका कोणाच्या अंगणात येऊन पडतो हे आपल्या भागाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

मुदत आणि कार्यालय

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार कोणत्याही परिवहन वाहनाकडे (ट्रक, टेम्पो, रिक्षा, बस यांसारख्या) वैध योग्यता प्रमाणपत्र नसेल तर त्या वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. नव्या परिवहन वाहनाला हे प्रमाणपत्र २ वर्षांसाठी मिळते. पुढे वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि ८ वर्षांनंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. खासगी मोटारीला पहिली १५ वर्षे ही तपासणी नसते, मात्र त्यानंतर ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवताना गाडी दाखवावीच लागते. मुदत उलटून गेलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो आणि पुन्हा सापडल्यास तो १०,००० पर्यंत जातो. अपघात झालाच, तर दंडापेक्षा विमा कंपनीशी होणारा वाद कितीतरी महाग पडतो.

आपल्याकडे धुळ्याची नोंदणी एमएच १८, जळगावची एमएच १९ आणि नंदुरबारची एमएच ३९ अशी आहे. अलीकडे चाळीसगावला एमएच ५२ आणि भडगावला एमएच ५४ ही कार्यालये झाल्याने गिरणाकाठच्या गाड्यांचा जळगावचा हेलपाटा कमी झाला आहे. मुदत संपण्याच्या किमान महिनाभर आधी कामाला लागावे, हा माझा पहिला आणि सर्वांत स्वस्त सल्ला आहे. एजंटची खरी गिऱ्हाईके शेवटच्या दोन दिवसांत येतात. त्यातच २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने मुदत संपल्यानंतर दिवसाला ५० रुपये अतिरिक्त शुल्काची तरतूद आणली आणि त्याविरुद्ध २०२४ मध्ये राज्यभर रिक्षाचालकांनी आंदोलने केली. शुल्काचे दर असे वेळोवेळी बदलत असल्यामुळे कोणी सांगितलेला आकडा खरा धरू नये. परिवहन संकेतस्थळावर आपल्या गाडीचा क्रमांक टाकल्यावर जो आकडा दिसतो तोच खरा.

गाडीला आधी स्वतःच नापास करावे

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण गाडीत खरा दोष शिल्लक राहिला तर पैसे मागणाऱ्याच्या हातात आयते कारण पडते आणि तक्रार करायची आपली हिंमतही तिथेच अर्धी होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ मध्ये काय तपासायचे याचा तक्ताच दिलेला आहे. हेडलाईटचा झोत, इतर दिवे, रिफ्लेक्टर, आरसे, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर आणि स्टीअरिंग या गोष्टी त्यात आहेत. निरीक्षकाच्या मनात येईल ते त्यात नाही, हे लक्षात ठेवावे.

पहिला दिवस आपल्या नेहमीच्या मिस्त्रीकडे घालवावा. चारही चाके खोलून ब्रेकचे लायनर आणि ड्रम पाहावेत, हँडब्रेक चढावर गाडी धरतो का ते पाहावे, टायरॉड आणि किंगपिन या पुढच्या चाकांच्या सांध्यांमधली ढिलाई काढावी. स्टीअरिंगचे चाक फिरवल्यावर पुढची चाके हलण्याआधी जो मोकळा फेर जातो तो ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. टायरच्या नक्षीची खोली दुचाकी-तीनचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतर वाहनांसाठी किमान १.६ मिलिमीटर हवी. टायरच्या खाचेत झीज दाखवणारा जो उंचवटा असतो, त्याच्या पातळीपर्यंत नक्षी आलेली असेल तर टायर बदलण्याची वेळ झाली असे समजावे. खान्देशातल्या उन्हाळ्यात रबर लवकर चिरते, म्हणून टायरच्या बाजूच्या भिंतीही हात फिरवून पाहाव्यात.

इथे एक अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पासिंगपुरते ओळखीच्या गाडीचे टायर चढवायचे आणि दुपारी उतरवून परत द्यायचे, रेडियम एका गाडीचे काढून दुसरीला लावायचे, वेगनियंत्रकाचे नुसते प्रमाणपत्र आणून यंत्राची तार तोडलेलीच ठेवायची, हे सारे आपण गाडीमालकच करतो. हाही त्याच व्यवहाराचा भाग आहे. निरीक्षकाला फसवणारा मालक आणि पैसे घेऊन डोळेझाक करणारा निरीक्षक एकमेकांचे ओझे वाहतात, आणि पहिल्याला दुसऱ्याची तक्रार करता येत नाही.

मालवाहू व प्रवासी वाहनांसाठी आणखी काही बाबी आहेत. परावर्तक पट्टी, म्हणजे ज्याला आपण रेडियम म्हणतो ती, पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी असावी. मान्यताप्राप्त कंपनीचीच घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण बाजारात मिळणारी स्वस्त पट्टी दोन पावसाळ्यांत मंद होते. ट्रक आणि आयशरला मागून येणारी लहान गाडी खाली घुसू नये म्हणून लावायचा मागचा लोखंडी आडवा बार शाबूत असावा. नियम ११८ नुसार बहुतेक परिवहन वाहनांना ताशी ८० किलोमीटरचा आणि डंपर, टँकर व शाळेच्या बसला ६० किलोमीटरचा वेगनियंत्रक लागतो. तीनचाकी आणि चालकाखेरीज ८ प्रवाशांपर्यंतच्या लहान प्रवासी गाड्या यातून वगळलेल्या आहेत. तीनचाकी सोडून इतर प्रवासी वाहनांना गाडीचा ठावठिकाणा दाखवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण आवश्यक आहे. कर्कश हॉर्न आधीच काढून टाकावा.

धुराची चाचणी मात्र खरीखुरी करून घ्यावी. गाडी पंपावर न नेता, फोनवर नंबर पाठवून पीयूसी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे, आणि ती मिळवणारा गाडीमालक पुढे पासिंगच्या मैदानावर काळा धूर सोडत उभा राहतो तेव्हा त्याच्याजवळ बोलायला काही उरत नाही.

अर्ज, शुल्क आणि पावती

अर्ज परिवहन संकेतस्थळावरील वाहनविषयक सेवांमधून करता येतो. वाहनाचा क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकले की नोंदीत असलेल्या मोबाईलवर संकेत (ओटीपी) येतो. हा मोबाईल क्रमांक आपलाच आहे ना, हे सर्वांत आधी तपासावे. कित्येक गाड्यांच्या नोंदीत जुन्या एजंटचाच नंबर असतो आणि मालकाला स्वतःच्या गाडीचा अर्ज करताना त्याच्याकडे संकेत मागावा लागतो. तो बदलून घेणे ही सुटकेची पहिली खरी पायरी आहे.

कर, विमा, पीयूसी, परवाना आणि प्रलंबित ई-चलने यांतली कोणतीही बाब थकलेली असेल तर अर्ज मध्येच अडकतो. मालवाहू गाडी ८ वर्षांची किंवा खासगी गाडी १५ वर्षांची झाली असेल तर महाराष्ट्रात पर्यावरण कर लागतो, तोही त्याच वेळी भरावा. उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी नसेल तर ती आधी बसवून घ्यावी. शुल्क ऑनलाईन भरावे, पावती छापून घ्यावी आणि तपासणीचा दिवस निवडावा. या पावतीवर जो आकडा आहे त्याच्याशिवाय एक रुपयाही देणे लागत नाही. "फाईलचे", "शिक्क्याचे", "कॅम्पचे" असे जे काही वेगळे सांगितले जाते त्याला पावती नसते, आणि ज्याला पावती नाही ते शुल्क नव्हे.

तपासणीच्या दिवशी

गाडी रिकामी, धुतलेली आणि सकाळी लवकर न्यावी. चालक कितीही विश्वासू असला तरी मालकाने स्वतः जावे, कारण "मालकाला विचारून सांगतो" या वाक्याने वाटाघाट सुरू होते. मूळ कागदपत्रे एका फाईलमध्ये आणि त्यांच्या प्रती दुसऱ्या फाईलमध्ये ठेवाव्यात. फाटकाबाहेर "साहेब ओळखीचे आहेत, नाना" म्हणत कोणी फाईल हातात घ्यायला आले तर ती देऊ नये. एकदा फाईल दुसऱ्याच्या हातात गेली की ती टेबलावर कोणत्या खुणेने पोहोचते हे आपल्याला कळत नाही.

ब्रेकची चाचणी पथावर, म्हणजे तपासणीसाठी राखलेल्या ट्रॅकवर, प्रत्यक्ष व्हायला हवी. हे नियमाचे बोल आहेतच, शिवाय त्यामागे न्यायालयाचा इतिहास आहे. पुण्यातील एका सामाजिक कार्यकर्त्याने २०१३ मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या योग्यता तपासणीचा ढिसाळपणा उघडा पाडला. २५० मीटर लांबीचा चाचणी पथ नसेल तिथे प्रमाणपत्र देऊ नये, असे बजावले. पुढे २०१८ मध्ये नीट तपासणी न करता प्रमाणपत्रे दिल्याबद्दल राज्यभरातील ३७ परिवहन अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले. म्हणून निरीक्षकाने नुसती चासी क्रमांकाची नक्कल घेऊन "झाले, जा" म्हटले तर खूश होऊ नये. त्या दिवशी आपले काम सोपे झाले असले तरी पुढच्या वर्षी तीच ढिलाई आपल्याकडून पैसे मागण्याचे साधन होते. "साहेब, ब्रेक पथावर पाहून घ्या," असे नम्रपणे म्हणायला हरकत नाही. गाडीची छायाचित्रे घेतली जातात त्या वेळी जवळ उभे राहावे आणि आपणही आपल्या मोबाईलवर गाडीची, टायरची, रेडियमची आणि पथाची छायाचित्रे घ्यावीत. त्यांवर आपोआप पडणारी तारीख आणि वेळ पुढे कामास येते.

आता तोंडी नकाराकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझी स्वतःची पिकअप घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली, "काम बाकी आहे, नंतर आणा" म्हटले आणि पुढच्या गाडीकडे वळले. पाचच मिनिटांत एक अनोळखी गृहस्थ येऊन म्हणाले, "दीड हजारात आजच होईल, भाऊ." मी साहेबांकडे परत गेलो आणि एवढेच म्हटले की काय बाकी आहे ते तपासणी अहवालात लिहून द्या, म्हणजे मिस्त्रीला दाखवता येईल. पाऊण तास कोणी माझ्याकडे पाहिले नाही. शेवटी लिहून मिळाले ते एकच कारण होते, मागची परावर्तक पट्टी फिकी. ती खरेच फिकी होती, मी घरून निघताना पाहिली नव्हती. त्या कामाला दीड हजाराच्या मानाने अगदीच किरकोळ खर्च आला, आणि पुढच्या फेरीत गाडी पास झाली.

लेखी कारण मागणे हे भांडण नव्हे. तपासणीचा अहवाल नमुना ३८-अ मध्ये भरायचा असतो आणि प्रमाणपत्र नमुना ३८ मध्ये मिळते. दिलेले प्रमाणपत्र रद्द करतानाही कारणे लेखी नोंदवून मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे कायदा सांगतो. लिहून द्यायला कोणी नकारच दिला तर त्याच दिवशी कार्यालयाच्या आवक विभागात साध्या कागदावर अर्ज द्यावा: "आज अमुक वेळी अमुक क्रमांकाचे वाहन तपासणीसाठी सादर केले, शुल्क पावती क्रमांक अमुक, वाहनातील दोष लेखी कळवावेत." प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. अर्जात कोणावरही आरोप करू नये. असा शिक्का पडला की तोंडी नापास करणाऱ्याला एक तर खरा दोष लिहावा लागतो किंवा गाडी पास करावी लागते.

स्वयंचलित चाचणी केंद्र असेल तर

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले आणि त्यानंतर टप्प्याटप्प्याने तपासणी यंत्राकडे सोपवण्याचे धोरण आखले. त्याच्या तारखा अनेकदा पुढे गेल्या. आपल्या शेजारी नाशिकला असे केंद्र त्याआधीच उभे राहिले होते. ज्या कार्यक्षेत्रात केंद्र सुरू आहे तिथे अर्ज करतानाच संकेतस्थळ ते केंद्र दाखवते. तिथे ब्रेक रोलरवर मोजला जातो, चाकांची बाजूची घसरण, हेडलाईटचा झोत, धूर, आवाज, सांध्यांची ढिलाई यंत्रे पाहतात आणि आकडे थेट संगणकात जातात. केंद्र चालवणाऱ्याला त्याच जागी गाड्यांची दुरुस्ती किंवा सुट्या भागांची विक्री करता येत नाही. त्यामुळे "आमच्याकडूनच लायनर घ्या" असे कोणी तिथे म्हणत असेल तर तो सरळ नियमभंग आहे.

यंत्राला चहापाणी लागत नाही हे खरे, पण गाडी रोलरवर कोण चढवतो, कोणाची गाडी कोणाच्या क्रमांकावर तपासली जाते आणि डोळ्यांनी पाहायच्या बाबी कोण नोंदवतो, हे अजून माणसाच्याच हाती आहे. म्हणून इथेही अहवालाची प्रत घ्यावी. गाडी नापास झाली तर ३० दिवसांच्या आत दोष दुरुस्त करून, शुल्क भरून फेरतपासणी करता येते, आणि निकालच पटला नाही तर अपील करता येते. फेरतपासणीतही नापास झालेली गाडी आयुर्मान संपलेली ठरू शकते, म्हणून दुसऱ्या फेरीला नशिबावर हवाला ठेवून जाऊ नये.

पैसे मागितले तर

इथे कायदा नीट समजून घेणे भाग आहे, कारण "देणाराही गुन्हेगार" एवढे अर्धे वाक्य सांगून लोकांना गप्प केले जाते. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला कलम ७ खाली ३ ते ७ वर्षे कैद आहे. लोकसेवकावर वजन वापरून काम करून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या खासगी माणसाला, म्हणजे एजंट किंवा पंटरला, कलम ७-अ खाली तेवढीच शिक्षा आहे. कलम ८ खाली लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण त्याच कलमात दोन वाटा ठेवलेल्या आहेत. ज्याला लाच देण्यास भाग पाडले गेले त्याने दिल्यापासून ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. आणि यंत्रणेला आधी कळवून, तिच्या सांगण्याप्रमाणे ज्याने पैसे दिले त्यालाही हे कलम लागत नाही. म्हणजे चूक घडून गेली असली तरी आठवडाभर दार उघडे असते. मात्र स्वतःची सदोष गाडी पास करून घेण्यासाठी ज्याने आपणहून पैसे पुढे केले त्याला या वाटेचा आधार नाही.

मागणी झाली की नकारही देऊ नये आणि होकारही. "पैसे जमवतो, उद्या सांगतो" एवढे म्हणून बाहेर पडावे. घासाघीस करू नये, कारण ध्वनिमुद्रणात आपलाच आवाज आकडा सुचवताना ऐकू आला तर बचावाच्या वकिलाला तेवढे पुरते. बाहेर आल्याबरोबर वेळ, जागा, माणसाचे वर्णन, नेमके शब्द आणि आकडा लिहून ठेवावा. फोनवर बोलणे झाले असेल तर मुद्रण जपावे, ते दुसऱ्याला पाठवत बसू नये आणि मूळ फोन बदलू किंवा विकू नये. विद्युत स्वरूपातला पुरावा न्यायालयात मांडताना मूळ साधन आणि प्रमाणपत्र यांना महत्त्व असते. हे मुद्रण समाजमाध्यमावर टाकण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याने दोन दिवस टाळ्या मिळतात, आणि पैसे घेणारा सावध होतो.

मग १०६४ या निःशुल्क क्रमांकावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाशी संपर्क साधावा किंवा थेट जिल्ह्याच्या घटकात जावे. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी विभागाची कार्यालये असून ती नाशिक परिक्षेत्राच्या अखत्यारीत येतात. आपल्याच जिल्ह्यात जायला संकोच वाटत असेल, आणि लहान गावांत तो वाटतोच, तर नाशिकच्या परिक्षेत्र कार्यालयातही जाता येते. तक्रारीला शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. शुल्काची पावती, तपासणीच्या दिवसाची नोंद आणि आवक शिक्क्याचा अर्ज सोबत न्यावा.

पडताळणी आणि सापळा

तक्रार दिली म्हणजे लगेच कोणी पकडले जात नाही. आधी मागणीची पडताळणी होते. तक्रारदाराला ध्वनिमुद्रक देऊन, दुसऱ्या सरकारी कार्यालयातून बोलावलेल्या पंचासह पुन्हा त्या माणसाकडे पाठवले जाते आणि मागणी खरोखर होते का हे ऐकले जाते. या वेळी स्वाभाविक बोलावे. आपल्या कामाचा उल्लेख गाडीच्या क्रमांकासह यावा आणि पैसे कशाचे, हे समोरच्याच्या तोंडून यावे. पैसे स्वतः न घेता "त्याच्याकडे द्या" म्हणून एजंटकडे बोट दाखवले गेले, तर ते बोट दाखवणेही मुद्रित व्हायला हवे. पासिंगच्या प्रकरणांत साहेबाचा हात आणि पैशांची नोट यांच्यामध्ये जवळजवळ नेहमीच एक पंटर उभा असतो, आणि साखळीचा हा दुवा पडताळणीत जोडला गेला नाही तर शेवटी तो एकटाच अडकतो.

मागणी सिद्ध झाली की सापळा रचला जातो. नोटांचे क्रमांक पंचनाम्यात लिहून त्यांना अँथ्रासिन पावडर लावतात. ती साध्या उजेडात दिसत नाही, अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. तक्रारदाराने त्या नोटांना मधल्या वेळात हात लावायचा नसतो, मागितल्याशिवाय त्या द्यायच्या नसतात आणि दिल्यावर ठरलेली खूण करायची असते. सापळ्यासाठी आणलेली रक्कम विभागाकडून नंतर परत मिळते. तक्रारीमुळे मूळ काम अडू नये यासाठीही विभाग पाठपुरावा करतो, त्यामुळे "तक्रार केली की गाडी आयुष्यभर नापास" या धमकीला घाबरण्याचे कारण नाही.

खटला मात्र लांबतो, आणि साक्षीला पुन्हा पुन्हा जावे लागते. अनेक तक्रारदार तिथे थकतात, गावकीतून दबाव येतो, कोणी नातेवाईक मध्यस्थी करतो. १५ डिसेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केले की तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला तरी मागणी परिस्थितिजन्य पुराव्याने सिद्ध करता येते. असे असले तरी मूळ तक्रारदाराच्या ठाम साक्षीची सर दुसऱ्या कशाला येत नाही. जायचे असेल तर शेवटपर्यंत जायच्या तयारीनेच जावे, हे आधी घरात बोलून घ्यावे.

सापळ्याशिवायचे मार्ग

प्रत्येक अडवणुकीत उघड मागणी होतेच असे नाही. नुसतेच रखडवले जात असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ कामी येतो. अधिसूचित सेवा, तिची कालमर्यादा आणि अपिलीय अधिकाऱ्याचे पद कार्यालयातील फलकावर लावलेले असते; त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. सेवा वेळेत न दिल्यास किंवा अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्काने आपल्या गाडीचा नमुना ३८-अ चा अहवाल, त्या दिवशी पथावर तपासलेल्या गाड्यांची संख्या आणि हजर निरीक्षकांची संख्या मागावी. गाड्यांच्या संख्येला निरीक्षकांच्या संख्येने भागावे आणि त्या दिवशीच्या तपासणीच्या वेळेची मिनिटे आलेल्या आकड्याने भागावीत, की एका गाडीच्या वाट्याला किती मिनिटे आली हे कळते, आणि तेवढ्या मिनिटांत नियम ६२ चा तक्ता भरता येतो का, हा प्रश्न परिवहन आयुक्तांकडे लेखी पाठवता येतो. कार्यालयातील कॅमेऱ्याचे चित्रण काही काळाने पुसले जाते, म्हणून ते हवे असल्यास त्याच आठवड्यात अर्ज करून ते राखून ठेवण्याची विनंती करावी.

दुसऱ्यांच्या गाड्या

जुनी गाडी विकत घेताना ताजे पासिंग पाहून भुलू नये. प्रमाणपत्राची तारीख आणि गाडीची अवस्था यांत मेळ नसेल, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी पास झालेल्या गाडीचे लायनर लोखंडाला लागलेले असतील, तर ती गाडी पथावर गेलीच नसावी. अशी गाडी आपल्या नावावर चढली की धोका आणि जबाबदारी दोन्ही आपल्याकडे येतात. सदोष आहे हे ठाऊक असताना चालवलेल्या वाहनाने अपघात झाला तर कलम १९० खाली ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मुले शाळेच्या बसने किंवा काळी-पिवळीने जात असतील तर पालकांनी एम-परिवहन ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाकून योग्यता, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती पाहाव्यात. त्यासाठी गाडी आपल्या मालकीची असावी लागत नाही. मुदत संपलेली दिसली तर पडद्याचे छायाचित्र घेऊन मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि प्रत परिवहन कार्यालयाच्या आवक विभागात द्यावी. मुदत चालू असूनही टायर गुळगुळीत दिसत असतील तर टायरचे छायाचित्रही त्याच पत्राला जोडावे आणि प्रमाणपत्र कोणत्या तारखेच्या तपासणीवर दिले गेले, एवढेच पत्रात विचारावे.